अर्ध्यावर अडलेला लॅपटॉप



घरातील लॅपटॉप कित्येक दिवस 'नवी आवृत्ती तयार आहे, बसवावयाची काय?' असे विचारीत असतो. आपण आज-उद्या करीत तो प्रश्न टाळतो आणि एखाद्या संध्याकाळी, काहीशा कंटाळ्यानेच, होकाराचे बटन दाबतो. यंत्र कामास लागते. पडद्यावर एक चक्र फिरू लागते आणि त्याखाली टक्क्यांचे आकडे चढू लागतात. वीस होतात, चाळीस होतात, साठ होतात. आणि मग एका आकड्यावर येऊन सारे थबकते. जेवणे होतात, अंथरुणे पडतात, तरी आकडा तोच. मग घरातील प्रत्येकजण एकेक उपाय सुचवू लागतो. कोणी म्हणतो, बंद करून पुन्हा चालू करा. कोणी म्हणतो, बॅटरी काढा. कोणी म्हणतो, सकाळी दुकानात नेऊन फॉरमॅट करून आणा. यांपैकी पहिला उपाय कधीकधी योग्य असतो, दुसरा आजच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये सहजासहजी शक्यच नसतो, आणि तिसरा बहुधा अनावश्यक असून पुष्कळदा घातक ठरतो. असे का, याचा आज थोडा विचार करावयाचा आहे.

हा प्रसंग अनेक घरांत येण्यास एक निश्चित कारण घडले. 'विंडोज १०' ही ऑपरेटिंग सिस्टिम २९ जुलै २०१५ रोजी बाजारात आली आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजी तिच्या नेहमीच्या देखभालीची मुदत संपली. ज्यांनी वाढीव मुदतीसाठी नोंदणी केली त्यांचा प्रश्न वेगळा. इतरांस त्या दिवसापासून सुरक्षिततेच्या दुरुस्त्या मिळणे थांबले. तिच्या जागी येणारी 'विंडोज ११' ही ५ ऑक्टोबर २०२१ पासूनच उपलब्ध होती. तथापि आपला स्वभाव असा की, मुदत दाराशी आल्याखेरीज आपण उठत नाही. म्हणून कित्येकांनी हे अपग्रेडचे काम शेवटच्या घटकेस, घाईने आणि काहीही तयारी न करता हाती घेतले.

आमच्या इंदुरात रामबागेकडे राहणारे माझे जुने मुख्याध्यापक त्यांपैकीच एक. आम्ही सारे त्यांस गुरुजीच म्हणतो. वय ऐंशीच्या घरात असले तरी ते रोज सकाळी दोन तास लॅपटॉपपुढे बसतात. येथील जुन्या मराठी कुटुंबांतील वृद्ध स्त्रीपुरुषांच्या आठवणी त्यांनी स्वतः जाऊन ऐकल्या, वहीत टिपून घेतल्या, आणि त्या सवडीने लॅपटॉपवर टंकलिखित केल्या. सांगणाऱ्यांपैकी काहीजण आता हयात नाहीत. टंकलेखन झाले की वहीची पाने रद्दीत जात. तात्पर्य, सात-आठ वर्षांचे ते सारे काम एका लॅपटॉपच्या पोटात, आणि तेवढ्याच ठिकाणी, साठविलेले होते. २०२५ च्या ऑक्टोबरात एका रात्री अकराच्या सुमारास त्यांचा फोन आला. 'अरे, हे यंत्र बासष्टवर अडले आहे. नातू म्हणतो, बटन दाबून बंद करू. करू का?'

मी म्हणालो, 'गुरुजी, आत्ता त्यास कोणीही हात लावू नका. मी सकाळी येतो.'

असे मी का म्हणालो, हे समजण्यास अपग्रेड म्हणजे नेमके काय होते ते पाहिले पाहिजे. ऑपरेटिंग सिस्टिम ही लॅपटॉपची कारभारीण होय. कोणती फाइल कोठे ठेवावयाची, पडद्यावर काय दाखवावयाचे, प्रिंटरशी कोणत्या भाषेत बोलावयाचे, हा सारा व्यवहार तिच्या हाती असतो. अपग्रेड म्हणजे जुन्या कारभाऱ्याने नव्याच्या हाती किल्ल्या देणे. संस्थानात कारभारी पालटला म्हणून खजिना रस्त्यावर येत नाही की दप्तर जाळले जात नाही. त्याचप्रमाणे अपग्रेडच्या वेळीही आपली पत्रे, छायाचित्रे, हिशेब यांस सहसा धक्का लावला जात नाही. परंतु किल्ल्या एका हातातून दुसऱ्या हातात जात असताना मध्येच कोणी दिवे मालविले, तर घोटाळा व्हावयाचा संभव असतो.

ही किल्ल्यांची देवघेव विंडोजमध्ये चार टप्प्यांत होते. पहिला टप्पा जुनी विंडोज चालू असतानाच पार पडतो. नव्या आवृत्तीच्या फाइली उतरवून घेतल्या जातात, जागा पुरेशी आहे की नाही, बसविलेले प्रोग्रॅम नव्या आवृत्तीशी जुळतात की नाही, हे तपासले जाते. येथे काही बिघडले तर विशेष चिंता नाही. जुने घर जसेच्या तसे उभे असते. दुसऱ्या टप्प्यात लॅपटॉप एकदा बंद होऊन चालू होतो आणि एक लहानशी, केवळ या कामापुरती विंडोज कारभार हाती घेते. ती जुन्या विंडोजचे सामान 'विंडोज डॉट ओल्ड' या नावाच्या फोल्डरमध्ये हलविते आणि नव्या विंडोजची मांडामांड करते. तिसऱ्या टप्प्यात नवी विंडोज प्रथमच उठून बसते आणि घरातील एकेका उपकरणाशी ओळख करून घेते. चौथ्या टप्प्यात आपली खाती, आपल्या आवडीनिवडी आणि राहिलेली मांडणी पूर्ण होते आणि प्रवेशाचा पडदा दिसतो.

आता यातील महत्त्वाची गोष्ट अशी की, या चारही टप्प्यांत परत फिरण्याची वाट राखून ठेवलेली असते. मध्ये काही अडले, तर यंत्र पुष्कळदा आपण होऊन पाऊल मागे घेते, केलेले बदल पुसून टाकते आणि जुनी विंडोज पुन्हा गादीवर बसविते. अपग्रेड यशस्वी झाल्यावरदेखील दहा दिवसांपर्यंत जुन्या आवृत्तीकडे परतण्याची सोय साधारणतः राहते. म्हणजे अपग्रेड फसले याचा अर्थ लॅपटॉप गेला असा नव्हे. या यंत्राच्या कर्त्यांनी अपयश गृहीत धरूनच सारी योजना आखलेली आहे. आपण अधीर होतो एवढेच.

मग पहिला प्रश्न हा की, यंत्र खरोखर अडले आहे की केवळ सावकाश चालले आहे? पडद्यावरील टक्क्यांवर सर्वस्वी विश्वास ठेवू नये. ते काही कापडाच्या गजासारखे सारखे मोजलेले नसतात. एका टक्क्यास दोन मिनिटे लागतात, तर पुढच्याच टक्क्यास पाऊण तास लागतो. एस.एस.डी. असलेल्या लॅपटॉपमध्ये तासा-दीड तासात आटोपणारे काम जुन्या, फिरत्या हार्ड डिस्कवर चार-चार तास चालू शकते. म्हणून कागद घ्यावा, आकडा आणि वेळ लिहून ठेवावी. चार्जर लावलेला असावा. लॅपटॉपवर डिस्कचा लहान दिवा असेल तर तो लुकलुकतो का ते पाहावे. दिवा नसेल आणि डिस्क जुन्या धाटणीची असेल, तर कान लावून तिची बारीक खरखर ऐकावी. 'कॅप्स लॉक' ही कळ दाबून तिचा दिवा पेटतो-विझतो का, हीही एक साधी खूण आहे. दिवा प्रतिसाद देत असेल तर यंत्र निदान जागे आहे. आकडा तीन तासांत हलला नाही, डिस्कचा मागमूस नाही, कळांना उत्तर नाही, असे झाले म्हणजेच ते अडले असे समजावे.

गुरुजींच्या घरी मी सकाळी सातला पोहोचलो तेव्हा आकडा बासष्टच होता. डिस्क गप्प होती आणि कॅप्स लॉकचा दिवाही मेला होता. आठ तास उलटून गेले होते. आता मात्र थांबण्यात अर्थ नव्हता.

अशा वेळी प्रथम लॅपटॉपला बाहेरून जोडलेली प्रत्येक वस्तू काढून घ्यावी. प्रिंटर, पेन ड्राइव्ह, बाहेरची हार्ड डिस्क, मोबाइलचे कार्ड, वेबकॅमेरा, जे असेल ते. फक्त चार्जर राहू द्यावा. गुरुजींच्या लॅपटॉपला एका बाजूस प्रिंटर होता आणि दुसऱ्या बाजूस बोटाच्या पेराएवढी एक वस्तू खोचलेली होती. मराठी टंकलेखनाच्या एका जुन्या प्रोग्रॅमचे ते कुलूप. आपल्यापैकी ज्यांनी छापखान्यात काम केले असेल त्यांस हे 'डाँगल' ठाऊक असेल. ते लावल्यावाचून तो प्रोग्रॅम उघडतच नसे. दोन्ही वस्तू काढून मी बाजूस ठेवल्या.

त्यानंतर पॉवरचे बटन दहा-एक सेकंद दाबून धरावे. लॅपटॉप पूर्ण बंद झाला की मिनिटभर थांबावे आणि पुन्हा चालू करावा. एकदा चालू केल्यावर मात्र त्याच्याकडे केवळ पाहत बसावे. बहुतेक वेळा दोहोंपैकी एक घडते. एक तर काम जेथे राहिले होते तेथून पुढे चालू होते, किंवा 'केलेले बदल मागे घेत आहोत' अशा अर्थाचे वाक्य पडद्यावर येते. हे दुसरे वाक्य पाहून पुष्कळांचा धीर सुटतो आणि ते पुन्हा बटन दाबतात. असे कदापि करू नये. यंत्र त्या वेळी परतीच्या वाटेवर असते आणि परतीची वाटही चांगली तासाभराची असू शकते. चढताना पाय घसरला तर माणूस जगतो. उतरताना आपणच धक्का दिला तर दोष कोणास द्यावयाचा?

कधीकधी यांपैकी काहीच होत नाही आणि लॅपटॉप बोधचिन्हापाशी येऊन पुनःपुन्हा बंद पडतो. त्यासाठीही सोय आहे. विंडोज उठण्याचा प्रयत्न लागोपाठ दोन-तीनदा फसला, म्हणजे एक निळा पडदा येतो. तो दुरुस्तीचा दरवाजा होय. आपोआप न आल्यास, बोधचिन्ह दिसताच बटन दाबून धरून लॅपटॉप बंद करणे, असे दोन-तीनदा केल्याने तो आणता येतो. तेथे 'ट्रबलशूट' आणि त्यात 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स' असे पर्याय दिसतात. यांचा क्रम सौम्यापासून कठोराकडे ठेवावा. प्रथम 'स्टार्टअप रिपेअर' करून पाहावे. त्याने भागले नाही तर 'अनइन्स्टॉल अपडेट्स' मध्ये जाऊन नुकतेच बसविलेले फीचर अपडेट काढावयास सांगावे. मग 'स्टार्टअप सेटिंग्ज' मधून सेफ मोड, म्हणजे अगदी मोजक्या सामानानिशी विंडोज उठविणे. 'रीसेट धिस पी.सी.' हा पर्याय सर्वांत शेवटी. त्यात आपल्या फाइली राखण्याचा मार्ग आहे आणि सर्व पुसण्याचाही आहे, आणि दोहोंतही आपण बसविलेले प्रोग्रॅम मात्र जातात. म्हणून फाइलींची दुसरी प्रत हाती आल्याशिवाय या पर्यायाकडे वळू नये.

येथे आणखी एक अडथळा सांगून ठेवतो, कारण तो ऐन वेळी माणसास घाबरवून सोडतो. दुरुस्तीच्या दारात शिरताना लॅपटॉप कधीकधी एक लांबलचक किल्ली मागतो. अठ्ठेचाळीस अंकांची, सहा-सहा अंकांच्या आठ गटांत लिहिलेली. आपण अशी किल्ली कधी घेतली, हेच कोणास आठवत नाही. याचे कारण असे की, पुष्कळ लॅपटॉपमध्ये मायक्रोसॉफ्टच्या खात्याने प्रवेश केला की डिस्कवरील सारा मजकूर आपोआप सांकेतिक स्वरूपात ठेवला जातो, आणि त्याची 'रिकव्हरी की' त्याच खात्यात जमा होते. मोबाइलवरून अथवा दुसऱ्या संगणकावरून त्या खात्यात शिरले की ती मिळते. ही किल्ली नसेल तर डिस्क काढून दुसरीकडे लावली तरीही आतील अक्षर वाचता येत नाही. चोरापासून रक्षण करणारे कुलूप मालकालाही ओळखत नाही. म्हणून ही किल्ली लॅपटॉप धड चालत असतानाच शोधून, एका कागदावर उतरवून, घरातील महत्त्वाच्या कागदपत्रांत ठेवावी.

गुरुजींच्या यंत्राने एवढी वेळ येऊ दिली नाही. बाहेरच्या वस्तू काढून ते चालू करताच बदल मागे घेण्याचे वाक्य आले. सव्वा तास आम्ही चहा-पोहे घेत बसलो. गुरुजी एकदाही पडद्याकडे पाहीनात. शेवटी म्हणाले, 'अरे, त्यात माणसे आहेत. ती सांगून गेली, आता पुन्हा कोणाला विचारू?' मी काही उत्तर दिले नाही, माझ्यापाशी नव्हते. नऊच्या पुढे जुनी विंडोज उघडली. मी दुसरे काही पाहण्याआधी खिशातला पेन ड्राइव्ह लावून आठवणींचे ते फोल्डर उतरवून घेतले, आणि मग त्याची दुसरी प्रत नातवाच्या लॅपटॉपवर ठेवली. अपग्रेडचा विचार त्यानंतर.

असे मी केले याला एक पूर्वीची गोष्ट कारण आहे. २०१६ साली माझ्या स्वतःच्या लॅपटॉपचे असेच अपग्रेड चालले होते. चाळीस मिनिटे झाली, आकडा हलेना. मी चिडून बटन दाबले, मग पुन्हा दाबले, आणि बदल मागे घेत असतानाही दाबले. दुसऱ्या दिवशी दुरुस्ती करणाऱ्याने मला सरळ विचारले, 'आत काही ठेवावयाचे आहे का?' मी म्हणालो, 'नाही, विशेष काही नाही.' त्याने सांगितल्याप्रमाणे डिस्क कोरी केली. आठ दिवसांनी मला आठवले की, माझ्या मावशीने जात्यावरच्या ओव्या म्हटल्या होत्या आणि त्याचे ध्वनिमुद्रण मोबाइलवरून मी त्याच लॅपटॉपवर उतरवून ठेवले होते. मावशी त्याआधीच गेली होती. त्या माणसाचा दोष काही नव्हता. त्याने विचारले होते. चाळीस मिनिटे माझ्याने धीर धरवला नाही, आणि नंतर मिनिटभर विचारही करवला नाही. आजच्या भाषणात सांगण्यासारखे जे काही आहे ते मी त्या वेळी शिकलो. यंत्र बाजारात पुन्हा मिळते. त्यातले मिळत नाही. म्हणून आधी मजकूर वाचवावा, मग यंत्र.

जुनी विंडोज मुळीच उठत नसेल, तरीदेखील मजकूर वाचविण्याच्या वाटा आहेत. दुरुस्तीच्या त्याच पडद्यात 'कमांड प्रॉम्प्ट' म्हणून एक काळी खिडकी आहे. तेथे 'नोटपॅड' हा शब्द इंग्रजीत लिहून एंटर दाबले की साधे नोटपॅड उघडते. त्याच्या 'फाइल' आणि 'ओपन' मधून डिस्कवरील सर्व फोल्डर दिसू शकतात, आणि तेथूनच हवे ते कॉपी करून पेन ड्राइव्हवर ठेवता येते. त्या वेळी डिस्कांची अक्षरे बदललेली असू शकतात, म्हणजे नेहमीची 'सी' तेथे 'डी' म्हणून दिसेल, गांगरू नये. दुसरी वाट म्हणजे एखाद्या मित्राच्या संगणकावर पेन ड्राइव्हमध्ये 'उबुंटू' सारखी लिनक्स प्रणाली तयार करून तिच्यावरून लॅपटॉप उठविणे. काही न बसविता ती केवळ पाहुण्यासारखी चालते आणि आतील फाइली बाहेर काढू देते. हे आपणास जमण्यासारखे नसेल तर दुरुस्ती करणाऱ्याकडे जावे. परंतु जाताना 'फॉरमॅट करून द्या' असे न म्हणता 'आधी माझ्या फाइली काढून द्या' असे म्हणावे, आणि त्या दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहिल्याखेरीज पुढच्या कामास संमती देऊ नये.

आता अपग्रेड का फसले, हे कसे ओळखावे? विंडोज बहुधा जाताना एक संकेतांक ठेवून जाते. तो आकड्यांचा आणि इंग्रजी अक्षरांचा गुंता पाहून आपण खिडकी मिटून टाकतो. तसे न करता मोबाइलने त्याचे छायाचित्र घ्यावे. गुरुजींच्या पडद्यावर जो संकेतांक आला त्याचे दोन भाग होते. पहिला भाग शून्य, एक्स, सी, १९००१०१ असा होता. हा संकेतांक बहुधा ड्रायव्हरचा दोष दाखवितो. ड्रायव्हर म्हणजे एखाद्या उपकरणाची बोली विंडोजला समजावून देणारा दुभाषी. दुसरा भाग शून्य, एक्स, ३००१८ असा होता. या दुसऱ्या भागात 'एक्स'नंतर येणारा पहिला अंक टप्पा सांगतो. एक असेल तर पहिला टप्पा, दोन असेल तर दुसरा, याप्रमाणे. येथे तीन होता. म्हणजे नवी विंडोज प्रथमच उठून उपकरणांशी ओळख करून घेत असताना एका दुभाष्याने तोंड मिटले होते. आणि ३००१८ या अंकाचा अर्थही नेमका तोच, की ड्रायव्हर उत्तर देईनासा झाला. याउलट शून्य, एक्स, ८००७००७० असा संकेतांक आला तर तो केवळ जागा अपुरी असल्याचा निरोप असतो. त्याला वैद्य नको, केरसुणी हवी.

आम्ही शोधले तेव्हा संशय त्या कुलपावर, म्हणजे डाँगलवर, गेला. त्याचा ड्रायव्हर कित्येक वर्षांपूर्वीचा होता. तो काढला, प्रिंटरचाही काढला, आणि लॅपटॉप बनविणाऱ्यांच्या संकेतस्थळावरून बाकीचे ड्रायव्हर नवे घेतले. डिस्कवर जेमतेम नऊ जीबी जागा उरली होती. जुने चित्रपट आणि निरुपयोगी फाइली काढून ती तीसच्या वर नेली. अशा कामास वीस-पंचवीस जीबी मोकळी असणे बरे. दुसऱ्या दिवशी दुपारी अपग्रेड पुन्हा लावले. तीन तासांनी ते सुखरूप पार पडले.

परंतु एक गोष्ट राहिली होती, आणि ती मराठी लिहिणाऱ्या प्रत्येकाने ऐकण्यासारखी आहे. गुरुजींचा मजकूर जुन्या पद्धतीच्या फाँटात होता. त्या पद्धतीत 'क' या अक्षराच्या जागी आत कोणते तरी इंग्रजी चिन्ह साठविलेले असते आणि त्याच्यावर मराठी अक्षराचा मुखवटा चढविलेला असतो. मुखवटा, म्हणजे तो फाँट, नाहीसा झाला की सारे पान निरर्थक इंग्रजी अक्षरांचे दिसू लागते. नातवाच्या लॅपटॉपवर ठेवलेली प्रत उघडली तेव्हा नेमके हेच झाले, आणि गुरुजींचा चेहरा पुन्हा उतरला. मजकूर गेला नव्हता, परंतु वाचता येत नव्हता. आणि वाचता न येणारी प्रत असून नसल्यासारखीच. मग त्यांच्या लॅपटॉपमधील फाँटची फाइल नातवाच्या लॅपटॉपवर नेऊन बसविली, तेव्हा पाने पुन्हा बोलू लागली. इंदूर असो, बेळगाव असो, बडोदे असो की हैदराबाद, आपल्या मंडळांच्या स्मरणिका, कुलवृत्तांत, ग्रंथालयांच्या याद्या आजही पुष्कळ ठिकाणी अशाच मुखवट्यांखाली पडून आहेत. लॅपटॉप कोरा करण्याच्या घाईत फाँटही जातो आणि तो देणारा प्रोग्रॅमही जातो, हे ध्यानात ठेवावे. अशा लिखाणाच्या तीन गोष्टी जपाव्या. एक, मूळ फाइल. दोन, त्या फाँटची फाइल. तीन, त्याच लिखाणाची पी.डी.एफ. प्रत, जी उघडण्यास फाँट लागत नाही. आणि सवड होईल तसतसा तो मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करून तपासून घ्यावा. युनिकोडमध्ये 'क' हा आत-बाहेर 'क'च असतो. यंत्र पालटले, विंडोज पालटली तरी तो पालटत नाही.

तेव्हा ज्यांचे अपग्रेड अजून व्हावयाचे आहे त्यांनी आधी एवढे करावे. आपल्या फाइलींची एक प्रत पेन ड्राइव्हवर अथवा बाहेरच्या डिस्कवर घ्यावी आणि ती दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहावी. रिकव्हरी की कागदावर उतरवावी. जागा मोकळी करावी. बाहेरून घेतलेला अँटिव्हायरस असेल तर तो तेवढ्यापुरता काढून ठेवावा. उपकरणे सोडवावी, चार्जर लावावा, आणि हे काम रात्री झोपण्यापूर्वी न लावता सकाळी, हाती वेळ असताना, वीज जाण्याचा संभव नसेल अशा दिवशी लावावे. लॅपटॉप विंडोज ११ ला योग्य आहे की नाही, हेही आधी पाहावे. तिला चार जीबी मेमरी, चौसष्ट जीबीची साठवण आणि 'टी.पी.एम. २.०' नावाची सुरक्षेची सोय लागते. ती नसेल तर आडवळणाने बळेच बसविण्यात शहाणपण नाही.

गुरुजींच्या आठवणींचे अर्धेअधिक लिखाण आता युनिकोडमध्ये आले आहे. नातू रूपांतर करतो आणि गुरुजी तपासतात, कारण जोडाक्षरे अधूनमधून फुटतात. परवा गेलो तेव्हा टेबलावर वहीची ताजी पाने होती. मी विचारले, 'गुरुजी, ही आता रद्दीत जाणार का?' ते म्हणाले, 'नाही. ही कपाटात जाणार.'